प्रशिक्षण सभागृहातून वर्गात यावे

शहरात शिक्षणाची सोय चांगली असते, हा आपल्या समाजातील जुना आणि दृढ समज आहे. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून किती बिऱ्हाडे मुंबई-पुण्याकडे हलली असतील याची गणती नाही. हा समज सर्वस्वी खोटाही नाही. परंतु ‘शहरातील शाळा’ या दोन शब्दांत एकमेकींना न ओळखणारी दोन जगे सामावलेली असतात. दहावीच्या निकालानंतर ज्यांची छायाचित्रे शिकवणी वर्गांच्या फलकांवर झळकतात ती मुले शहरातलीच, आणि चौथीच्या वर्गात बसूनही दुसरीच्या पुस्तकातील एक परिच्छेद अडखळल्यावाचून वाचू न शकणारी मुलेही त्याच शहरातली, पुष्कळदा त्याच रस्त्यावरची.

या दुसऱ्या मुलांविषयी आपल्याला माहितीही बेताचीच असते. मुलांना वाचता येते का, साधी वजाबाकी करता येते का, हे घरोघर जाऊन तपासणारी ‘असर’ ही पाहणी २००५ सालापासून देशात गाजत आहे. तिच्या निष्कर्षांवर अग्रलेख लिहिले जातात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. परंतु ती पाहणी मुख्यतः ग्रामीण भारताची आहे. शहरातील झोपडपट्टीत राहणारे, महापालिकेच्या शाळेत जाणारे मूल त्या आरशात दिसत नाही. खेड्यातील शाळेवर गावाचे लक्ष तरी असते. शहरातील महापालिका शाळेसमोरून आपण रोज जातो, पण आत काय चालते याची चौकशी करण्याचे कारण आपल्याला उरलेले नाही, कारण आपली मुले तेथे जात नाहीत.

या शाळांतील मुलांची गुणवत्ता वाढवायची तर काय करावे? इमारत रंगवावी, डिजिटल फळे बसवावेत, शाळेचे नाव बदलावे, माध्यम बदलावे, असे अनेक उपाय सुचवले जातात आणि त्यांपैकी बरेच अमलातही येतात. मुंबईत अलीकडच्या वर्षांत महापालिकेच्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ असे नाव देण्यात आले आहे. या उपायांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु शेवटी मूल आणि ज्ञान यांच्यामध्ये उभा असतो तो शिक्षक. त्याच्या हातात रोज काय घडते, यावर बाकी सर्व अवलंबून आहे. म्हणून शिक्षकाच्या व्यावसायिक विकासाचा, म्हणजे नोकरीत आल्यानंतर त्याने आपले काम अधिक चांगले करायला शिकण्याचा, विचार मुळापासून करणे अगत्याचे आहे.

मुंबई-बडोद्याचा धडा

या बाबतीत आपल्याला दूरदेशीचे दाखले शोधण्याची गरज नाही. मुंबई आणि बडोदा या दोन शहरांच्या महापालिका शाळांत या शतकाच्या आरंभी एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे या अभ्यासाच्या कर्त्यांपैकी होते. (बॅनर्जी यांच्या मातोश्री मराठी घरातल्या आणि त्यांचा स्वतःचा जन्म मुंबईचा, हेही येथे नमूद करायला हरकत नाही.)

प्रयोग साधा होता. ‘प्रथम’ ही संस्था मुंबईत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवीत असे. तिसरी-चौथीच्या वर्गातील जी मुले मागे पडली आहेत अशा पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायचे आणि त्यांना अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी या मूलभूत गोष्टी शिकवायच्या, एवढेच तिचे काम. ही बालसखी त्याच वस्तीतील, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी असे. तिला आरंभी सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे, पुढेही मार्गदर्शन चालू राही, आणि मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. काही शाळांत बालसखी दिली गेली, काहींत नाही, आणि दोहोंकडील मुलांच्या प्रगतीची तुलना केली गेली.

परिणाम काय झाला? बालसखी असलेल्या शाळांतील मुलांचे चाचणीतील गुण पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. संख्याशास्त्राची ही परिभाषा सोपी करून सांगायची तर, शंभर मुलांच्या रांगेत पन्नासाव्या जागी असलेले मूल दुसऱ्या वर्षाअखेर साधारण एकसष्टाव्या जागेपर्यंत पुढे सरकले. सर्वाधिक लाभ झाला तो सर्वांत मागे असलेल्या मुलांना.

परंतु या अभ्यासातील खरी विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. पंधरा-वीस मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्गातील पटसंख्या कमी झाली होती. उरलेल्या मुलांना आता नियमित, पात्रताधारक, पूर्ण वेतन घेणारा शिक्षक आणि लहान वर्ग, असे दोन्ही लाभले होते. तरीही त्या मुलांच्या गुणांत वाढ झाल्याचे आढळले नाही.

याचा अर्थ घाईने लावणारे म्हणतील की, मग पगारी शिक्षक हवेत कशाला, मानधनावरच्या तरुणी नेमा. हा अर्थ उथळ आहे. बालसखीची शक्ती तिच्या अल्प मानधनात नव्हती, आणि शिक्षकाची दुर्बलता त्याच्या पगारात नव्हती. बालसखीसमोर एकच प्रश्न होता, ‘या मुलाला आज काय येते आणि उद्या काय यायला हवे?’ शिक्षकासमोर वेगळाच प्रश्न ठेवलेला होता, ‘या महिन्यात पुस्तकातले किती धडे संपायला हवेत?’ त्याच बडोद्यात तिसरीतील मुलांपैकी जेमतेम पाचांतील एकालाच पहिलीच्या गणिताचे प्रश्न बरोबर सोडवता येत होते. अशा वर्गात तिसरीचे पुस्तक शिस्तीने पूर्ण करणारा शिक्षक आपले काम प्रामाणिकपणे करत असतो आणि तरीही वर्गातील बहुतेकांना शिकवत नसतो. वर्ग लहान झाला म्हणून त्याची रीत बदलली नाही, कारण रीत बदलायला त्याला कोणी शिकवले नव्हते आणि तशी मुभाही दिली नव्हती.

आपण प्रशिक्षण कशाला म्हणतो?

यावर कोणी म्हणेल की, शिक्षकांची प्रशिक्षणे तर वर्षानुवर्षे चालूच आहेत. खरे आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने प्रत्येक शिक्षकाला सेवेच्या दर पाच वर्षांत किमान दोन-तीन महिने सेवांतर्गत शिक्षण मिळावे अशी शिफारस केली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था जन्माला आल्या. या शतकाच्या आरंभी आलेल्या सर्व शिक्षा अभियानाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला वीस दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यासाठी प्रतिदिनी सत्तर रुपये अशी तरतूद केली. २०१९ साली ‘निष्ठा’ हा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला, आणि २०२० च्या नव्या धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला पन्नास तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला. कागदावर पाहिले तर तरतुदीत खंड नाही.

प्रश्न तासांचा नाही, तऱ्हेचा आहे. आपल्याकडील प्रशिक्षणाची रूढ पद्धत उतरंडीसारखी आहे. राज्य पातळीवर काही तज्ज्ञ घडवायचे, त्यांनी जिल्ह्याच्या तज्ज्ञांना सांगायचे, जिल्ह्याने तालुक्याला किंवा शहराच्या साधन केंद्राला, आणि तेथून ते शिक्षकापर्यंत झिरपायचे. वरच्या मडक्यातून खालच्या मडक्यात ओतताना प्रत्येक वेळी थोडे सांडते. तळाशी पोहोचते ते पडद्यावरील चित्रे, उपस्थितीपत्रकावरील सही आणि शेवटच्या दिवशीचे छायाचित्र. सभागृहात दीडशे शिक्षक बसलेले, समोर ज्याने गेल्या कित्येक वर्षांत पहिलीचा वर्ग घेतलेला नाही असा व्याख्याता, आणि विषय ‘आनंददायी शिक्षण’! शिक्षक विनम्रपणे ऐकतात, दुसऱ्या दिवशी शाळेत जातात आणि पूर्वीसारखेच शिकवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पोहायला शिकवण्याचा वर्ग काठावरच भरवला तर दुसरे काय होणार?

यात भर म्हणून महाराष्ट्रात बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी यांना प्रशिक्षणाची अट जोडलेली आहे. हेतू चांगला असेल, पण परिणाम असा की प्रशिक्षण म्हणजे वेतनवाढीच्या वाटेवरील एक नाके, अशी भावना दृढ झाली. नाक्यावर माणूस शिकण्यासाठी थांबत नाही. पावती घेऊन पुढे जातो.

अगदी अलीकडे, १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे अशा सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्याचे बंधन घातले. त्या निर्णयाच्या कायदेशीर बाजूवर येथे भाष्य करायचे नाही. शिक्षकाला विषयाचे किमान ज्ञान असावे, याबाबत दुमत होण्याचे कारण नाही. परंतु परीक्षा ही मोजपट्टी आहे, औषध नव्हे. वीस वर्षे शिकवलेला शिक्षक संध्याकाळी परीक्षेच्या तयारीच्या वर्गाला बसेल, उत्तीर्णही होईल. त्यामुळे त्याच्या चौथीतील न वाचणारे मूल वाचू लागेल असे मात्र मुळीच नाही. ज्या महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून २०११ साली न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमावा लागला, त्या महाराष्ट्राने तरी प्रमाणपत्र आणि पात्रता या एकच गोष्टी नव्हेत, हे पुरते ओळखायला हवे.

बावन्न आणि पंचवीस

मग खरे प्रशिक्षण कसे असते? एक साधे उदाहरण घेऊ. दुसरीतील मुलाला शिक्षक ‘बावन्न’ लिहायला सांगतात आणि मूल ‘२५’ लिहिते. बहुतेक वर्गांत त्यावर लाल फुली पडते. वास्तविक त्या मुलाने विचार केलेला असतो. ‘बावन्न’ या शब्दात दोनाचा उच्चार आधी आणि पन्नासाचा नंतर होतो. मुलाने ऐकले त्या क्रमाने लिहिले. त्याला संख्येचे नाव कळले आहे, दशक आणि एकक यांच्या जागा कळलेल्या नाहीत. ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे तो फुली मारणार नाही. तो काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे पुढ्यात ठेवील, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मोजायला लावील आणि मग लिहायला सांगेल. तेच मूल पुढे ५२ मधून २७ वजा करताना उत्तर ३५ काढते, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून ते सातातून दोन वजा करते. येथेही एक गठ्ठा सोडून दाखवल्याखेरीज ‘हातचा घे’ हा मंत्र निरर्थक ठरतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, हे वाचकांना आठवत असेल. भाषेची हानी होईल असे एका बाजूचे म्हणणे होते. मुलांना गणित सोपे जाईल, असे डॉ. मंगला नारळीकर यांच्यासारख्या अनुभवी गणितज्ञांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिले गेले. पण या सर्व चर्चेत, ज्याच्या हाती ते पुस्तक जाणार होते त्या शिक्षकाची तयारी काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. संख्येचे नाव कोणतेही घ्या. मुलाची चूक कशी वाचायची हे ज्याला येते तो शिक्षक दोन्ही पद्धतींनी शिकवील, आणि ज्याला येत नाही त्याच्या हाती दोन्ही पद्धती सारख्याच निष्फळ ठरतील.

मुलाची चूक वाचण्याची ही विद्या व्याख्यानाने येत नाही. ती वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी आहे. जाणत्याच्या शेजारी बसून, रुग्ण समोर असतानाच ती शिकावी लागते. आपल्या परंपरेला हे नवीन नाही. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली, आणि पुढे ताराबाईंनी अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन बोर्डी आणि कोसबाड येथे जे काम उभे केले, त्याचा गाभा हाच होता की शिक्षिका मुलांमध्ये राहून, मुलांचे निरीक्षण करूनच घडते. जपानमधील शिक्षक शतकाहून अधिक काळ असेच करत आले आहेत. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांतील एक तो वर्गात घेतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे पाहतात, आणि नंतर मुले कोठे अडली याची मोकळी चर्चा होते. तेथे परीक्षा पाठाची होते, शिक्षकाची नव्हे.

प्रशिक्षणाला कशाची जोड हवी?

केवळ प्रशिक्षण दिले आणि साहित्य पुरवले तर काय होते, याचाही अनुभव आपल्या देशात घेतला गेला आहे. बालसखीची रीत सरकारी शिक्षकांच्या हाती देण्याचे प्रयत्न पुढे बिहार आणि उत्तराखंडात झाले. शाळेच्या नेहमीच्या वेळापत्रकात त्यांचा परिणाम जवळजवळ दिसला नाही. पण बिहारमध्येच २००८ साली उन्हाळी सुट्टीतील महिनाभराच्या शिबिरात त्याच सरकारी शिक्षकांनी मागे पडलेल्या मुलांना शिकवले, तेव्हा मुले लक्षणीय पुढे गेली. शिक्षक तेच होते. फरक एवढाच की शिबिरात पाठ्यक्रम संपवण्याचे ओझे त्यांच्या डोक्यावर नव्हते.

हा धागा पकडून हरियाणात २०१२-१३ साली तीन गोष्टी एकत्र केल्या गेल्या. शाळेच्या दिवसात एक तास केवळ या कामासाठी राखून ठेवला. त्या तासाला मुले इयत्तेनुसार न बसवता त्यांना काय येते त्यानुसार गटांत बसवली. आणि शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या समन्वयकांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना शिकवले, मगच ते शिक्षकांकडे गेले. मुलांचे हिंदी वाचन सुधारले. गणितात मात्र तसा परिणाम दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. कारण जादूची कांडी असल्याचा आव आणणारे शिक्षणाचे नुकसानच करतात.

बिहार आणि हरियाणा हे ग्रामीण भागातील प्रयोग आहेत. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये जिल्हा परिषद शाळांनी जे करून दाखवले, जे पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक जात आणि ज्याचा प्रभाव २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमावर पडला, तेही ग्रामीणच. तेथे शिक्षक शिकले ते दुसऱ्या शिक्षकाचा चालू वर्ग पाहून. प्रश्न असा की, हे शहरात का होऊ नये?

शहराच्या अडचणी आणि शहराचे बळ

शहरातील शिक्षकाच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या नाकारून चालणार नाही. मुंबई महापालिका आठ भाषा माध्यमांतून शाळा चालवते. तरीही मराठी वर्गात घरी भोजपुरी, कन्नड वा वडारी बोलणारे मूल बसलेले असते. बांधकाम संपले की कुटुंब दुसऱ्या उपनगरात जाते आणि वर्षाच्या मध्यावर मूल पटावरून नाहीसे होते. एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात, त्यामुळे शाळा सुटल्यावर शिक्षकांनी बसावे म्हटले तर खोली मोकळी नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले आहे. परंतु त्या अपवादांतील मतदार याद्यांचे कामच शहरी शिक्षकाचे कित्येक दिवस खाऊन टाकते, आणि रोज मागवली जाणारी माहिती, छायाचित्रे आणि ऑनलाइन नोंदी उरलेला वेळ नेतात.

पण शहराकडे एक बळ असे आहे, जे खेड्याकडे नाही, आणि त्याचा उपयोग आपण करत नाही. ते बळ म्हणजे जवळीक. खेड्यातील दोनशिक्षकी शाळेतील गुरुजींना चौथीला शिकवणारा दुसरा सहकारी भेटायचा तर कित्येक किलोमीटर जावे लागते. शहरात एका किलोमीटरच्या आत महापालिकेच्या दोन शाळा, अनुदानित संस्थांच्या दोन-तीन शाळा आणि बहुधा एखादे अध्यापक महाविद्यालय असते. कोठारी आयोगाने सुचवलेली आणि २०२० च्या धोरणाने पुन्हा पुढे आणलेली शाळा संकुलाची कल्पना प्रत्यक्षात यावी तर ती शहरातच सर्वांत सोपी आहे.

यासाठी काय करावे लागेल? पहिली गोष्ट, आठवड्यातील दीड तास. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळांसाठी वर्षाला किमान दोनशे दिवस सांगितले आहेत, म्हणजे सहा दिवसांचा आठवडा धरता तेहतीसच्या आसपास आठवडे. आठवड्याला दीड तास धरला तरी पन्नास तास होतात, म्हणजे नव्या धोरणाची अपेक्षा एकही सभागृह भाड्याने न घेता पूर्ण होते. त्याच कायद्याने शिक्षकासाठी आठवड्याचे जे ४५ तास ठरवले आहेत, त्यांत तयारीचा वेळ धरलेलाच आहे. तेव्हा कायदा बदलण्याचीही गरज नाही. एका संकुलातील तिसरीच्या सर्व शिक्षकांनी या वेळात एकत्र बसावे, मुलांच्या वह्या टेबलावर ठेवाव्यात आणि ‘मूल येथे का चुकले?’ एवढ्या एकाच प्रश्नावर बोलावे.

दुसरी गोष्ट, मार्गदर्शक असा हवा जो स्वतः वर्ग घेतो. केंद्रप्रमुख आणि विभाग निरीक्षक ही पदे मूलतः शैक्षणिक मार्गदर्शनासाठी होती. आज त्यांचा दिवस अहवालांत जातो. त्यांनी आठवड्यातून निदान एक दिवस कोणत्यातरी शाळेत प्रत्यक्ष शिकवावे. ज्याचे बोट खडूने पांढरे होते, त्याचेच शिक्षक मनापासून ऐकतात.

तिसरी गोष्ट, रोजचा एक तास पाठ्यपुस्तकापासून मुक्त असावा, आणि त्या तासाला मुले त्यांच्या पातळीप्रमाणे बसावीत. ‘निपुण भारत’ अभियानाने २०२१ पासून पायाभूत वाचन आणि गणिताला अग्रक्रम दिला आहे. या तासाविना तो अग्रक्रम फलकावरच राहील.

चौथी गोष्ट, मुख्याध्यापक. शाळेत सहकाऱ्याचा वर्ग पाहणे म्हणजे हेरगिरी नव्हे, हे वातावरण तोच निर्माण करू शकतो. निरीक्षणाची वही गोपनीय अहवालाला जोडली गेली की त्या दिवसापासून शिक्षक आपला उत्तम पाठ सादर करू लागतो आणि खरी अडचण लपवू लागतो.

काही आक्षेप

एक आक्षेप हमखास घेतला जातो तो असा की, शिक्षकांची इच्छाच नाही; नोकरी सुरक्षित, पगार चांगला, मग बदलायचे कशाला? असे शिक्षक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि जो वर्गावर जातच नाही त्याला प्रशिक्षणाने नव्हे, शिस्तीनेच हाताळले पाहिजे. परंतु बिहारमधील शिबिरात ज्यांनी मुले पुढे नेली ते काही निवडून आणलेले त्यागमूर्ती नव्हते. काम नेमके असेल, जमण्याजोगे असेल आणि मूल वाचू लागल्याचे डोळ्यांना दिसत असेल तर सामान्य शिक्षकही उत्साहाने काम करतो. यशासारखी प्रेरणा नाही. वर्षानुवर्षे न जमणारे काम करत राहिल्यानेच माणूस बधिर होतो.

दुसरा आक्षेप पाठ्यक्रमाचा. रोजचा एक तास मागील धड्यांना दिला तर पुढचे धडे राहतील. राहतील, हे खरे. पण ज्या मुलाला वाचताच येत नाही त्याच्यासाठी ते धडे आजही राहतच आहेत, फक्त नोंदवहीत ते पूर्ण झालेले दिसतात.

आपला वाटा

हे सर्व सरकारने आणि महापालिकेने करावे, असे म्हणून लेख संपवता आला असता. पण शहरातील शाळा केवळ सरकारच्या नाहीत. आपल्यापैकी अनेक जण शिक्षण संस्थांचे पदाधिकारी आहेत, अनेक जण निवृत्त शिक्षक आहेत, आणि बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या सामाजिक कार्यात आहेत. दर जूनमध्ये आपण वस्त्यांमध्ये वह्या वाटतो, दप्तरे देतो. ते काम चांगलेच आहे, ते थांबवू नये. पण वहीत काय लिहायचे हे मुलाला शिकवणारा शिक्षक एकटा पडला असेल तर कोऱ्या वह्यांचा ढीग काय कामाचा?

नामवंत संस्थेच्या शाळेने शेजारच्या महापालिका शाळेतील शिक्षकांसाठी आपले वर्ग उघडे करावेत, आणि आपल्या शिक्षकांनाही तेथे पाठवावे. चाळीस भाषा-बोलींच्या गोंधळात शिकवणाऱ्या त्या शिक्षकाकडून आपल्या शिक्षकांनाही पुष्कळ शिकता येईल. पुण्यात १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी स्थापन करताना आप्पा पेंडसे यांनी शिक्षणाचा संबंध समाजाच्या नेतृत्वाशी जोडला होता. त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या संस्थांनी आपल्या कुंपणापलीकडे पाहावे ही अपेक्षा अवास्तव नाही. ज्यांनी पस्तीस वर्षे पहिली-दुसरी शिकवली अशा निवृत्त बाईंनी आठवड्यातून दोन सकाळी एखाद्या तरुण शिक्षिकेच्या वर्गात बसावे. भाषण करू नये, तिच्याबरोबर मुलांच्या वह्या पाहाव्यात. एवढ्या कामाला ना निधी लागतो, ना मंडप.

आणि पालक म्हणून, नागरिक म्हणून आपण विचारायचे प्रश्नही बदलावेत. शाळेत संगणक किती आले, माध्यम कोणते आहे, हे विचारून झाले असेल तर नगरसेवकाला, शिक्षणाधिकाऱ्याला आणि संस्थाचालकाला एवढेच विचारावे, ‘तुमच्या शाळेत शिक्षक एकमेकांचे वर्ग पाहतात का? त्यांना एकत्र बसायला आठवड्यात वेळ दिला आहे का? आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्याने स्वतः शेवटचा वर्ग कधी घेतला?’

चौथीतील ते न वाचणारे मूल यंदा दहा वर्षांचे आहे. समित्या नेमल्या जाईपर्यंत आणि त्यांचे अहवाल येईपर्यंत ते थांबू शकत नाही. आणखी दोन-तीन वर्षांत ते शाळा सोडेल किंवा शाळेत बसूनही शिक्षणातून निघून जाईल. त्याच्या आणि त्या भवितव्याच्या मध्ये आज एकच माणूस उभा आहे. त्याचे हात बळकट करणे हे आपल्या आवाक्यातले काम आहे, आणि ते या वर्षीच सुरू करता येण्यासारखे आहे.